बेटावरचे समुद्रपक्षी कसे मोजतात, आणि वेंगुर्ल्याला हे का हवंय

वेल्समधल्या त्या बेटावर तू नक्की काय करत होतीस, असं ज्यांनी ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना फोनवर तुटक तुटक उत्तरं देऊन झालीत, म्हणून आता एकदाच सगळं नीट लिहून काढते. आत्येने तर सरळच विचारलेलं, "काय गो, पक्षी मोजूक पगार गावता तुका?" पगार नाही गं आत्ये, मी व्हॉलंटियर होते, राहायची सोय त्यांची आणि जेवणाचं सामान आपलं आपण घेऊन जायचं. पण काम पगारी माणसाइतकंच काटेकोर करावं लागतं, आणि ते तसं का करावं लागतं तेच मला आज सांगायचंय.

बेटाचं नाव स्कोमर. वेल्सच्या नैऋत्य टोकाला पेम्ब्रोकशायर म्हणून भाग आहे, त्याच्या किनाऱ्यासमोर जेमतेम तीन चौरस किलोमीटरचं बेट, चारी बाजूंनी कडे आणि वर सपाट माळ. मार्टिन्स हेवन नावाच्या छोट्या खाडीतून बोट सुटते, वारा उत्तरेचा असला की बोट रद्द, मग बेटावरचे बेटावर आणि किनाऱ्यावरचे किनाऱ्यावर. दिवसाला फक्त अडीचशे लोकांना उतरू देतात. मुक्कामाला येणाऱ्यांना तर आधी सगळं सामान उघडून बघावं लागतं, कुठे उंदीर लपून आला नाही ना, कारण स्कोमरवर रॅट म्हणतात ते मोठे उंदीर नाहीत, मांजर नाही, कोल्हा नाही, आणि म्हणूनच जमिनीत बिळं करून राहणारे पक्षी तिथे लाखांनी आहेत. हे मी उगाच लाखांनी म्हणत नाहीये, पुढे आकडा येतोच आहे.

तर मोजणी. आपल्याला वाटतं मोजणं म्हणजे एक दोन तीन चार. पण कड्यावर हजारो गिलेमॉट खांद्याला खांदा लावून उभे असतात, काळी पाठ पांढरं पोट, त्यात काही उडतायत काही येतायत, मधेच एखादा रेझरबिल घुसलेला, तो लांबून तसाच दिसतो फक्त चोच जाड आणि पाठ जास्त काळी. अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे कड्याचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्याचा मोठा फोटो असतो, त्यावर रेघा मारून हद्दी ठरवलेल्या, ही भेग ते तो पिवळा डाग म्हणजे अमुक नंबरचा सेक्शन, आणि कुठे बसून मोजायचं ती जागासुद्धा ठरलेली, कारण चार पावलं बाजूला सरकलात तर एखादा अख्खा टप्पा दगडाआड जातो. दोन हातात दोन क्लिकर, एक गिलेमॉटसाठी आणि एक रेझरबिलसाठी. मोजणी जूनच्या पहिल्या तीन आठवड्यात, सकाळी आठ ते दुपारी चार यामधेच, आणि जोराचा वारा, पाऊस किंवा धुकं असेल तर नाही. का तर पहाटे आणि संध्याकाळी पक्ष्यांची ये-जा फार असते, मधल्या वेळात आकडा त्यातल्या त्यात स्थिर असतो, आणि जूनच्या सुरुवातीला बहुतेक जोड्या अंड्यावर किंवा पिल्लावर असतात म्हणून निदान एक पक्षी तरी जागेवर सापडतो. हे नियम ब्रिटनभर सारखे आहेत. म्हणजे स्कॉटलंडमधला आकडा आणि वेल्समधला आकडा शेजारी ठेवून बघता येतो.

एक गोष्ट मात्र मोजायला बसल्याशिवाय कळत नाही, की डोळा थकला की आपण गर्दीत कमी मोजायला लागतो. विरळ जागी बरोबर येतं, दाट जागी हात मागे पडतो. म्हणून तोच सेक्शन परत परत मोजायचा आणि फरक जास्त आला तर सुरुवातीपासून. कंटाळवाणं आहे का? मला नाही वाटलं. उलट तिसऱ्यांदा मोजताना आपल्याला त्या टप्प्यावरचे पक्षी ओळखीचे व्हायला लागतात, हा नेहमी शेजाऱ्याला टोचतो, ही जोडी सतत एकमेकांची मान साफ करत असते, असं.

पण नुसते पक्षी मोजून भागत नाही, पिल्लं किती जगली ते जास्त महत्त्वाचं. समुद्रपक्षी फार जगतात, गिलेमॉट वीस-तीस वर्षं सहज, त्यामुळे समजा एखाद्या वसाहतीत दहा वर्षं एकही पिल्लू मोठं झालं नाही तरी कड्यावर गर्दी तशीच दिसत राहील, म्हातारे म्हातारे पक्षी येऊन उभे राहतील आणि आपण म्हणू सगळं छान आहे. म्हणून काही ठराविक जागा निवडून तिथल्या एकेका जोडीवर लक्ष ठेवतात. माझ्याकडे असाच एक छोटा भाग होता. कड्याचा फोटो प्लॅस्टिकमधे घातलेला, त्यावर प्रत्येक जोडीच्या जागेला एक बारीक टिंब आणि नंबर, आणि वहीत रोजची नोंद, अंडं दिसलं का, पिल्लू दिसलं का, नुसता पक्षी बसलाय का.

आता गिलेमॉट घरटं करतच नाही. उघड्या दगडावर एकच अंडं घालतो, एका टोकाला निमुळतं, आणि प्रत्येक मादीच्या अंड्याचा रंग वेगळा, कुणाचं निळसर हिरवं, कुणाचं पांढरट, त्यावर शाईने गिरगोटल्यासारख्या रेघा. ते अंडं पायांवर घेऊन पक्षी समुद्राकडे पाठ करून जरा पोक काढून बसतो. त्यामुळे अंडं आहे की नाही हे कळायला टेलिस्कोपला डोळा लावून वाट बघत बसायचं, कधी तो अंग झटकेल, कधी जोडीदार मासा घेऊन येईल आणि ड्युटी बदलेल, तेवढ्या दोन सेकंदात पोटाखाली हिरवं काहीतरी दिसलं की लिहायचं. एकेका नंबरसाठी कधी कधी तासभर जातो. साधारण महिन्याभराने अंडं फुटतं. मग पिल्लू पंखाखाली लपलेलं, फक्त शेपटाकडचा राखाडी भाग बाहेर. पिल्लू पंधरा दिवसांचं व्हायच्या आत गायब झालं तर मेलं असं धरायचं आणि पंधरा दिवसांनंतर दिसेनासं झालं तर उडालं असं धरायचं. उडालं म्हणजे तसं उडत नाही ते, आणि हे मला लिहायलाच हवं.

तीन आठवड्यांचं पिल्लू, मोठ्या पक्ष्याच्या जेमतेम पाव वजनाचं, पंखात उडण्याएवढी पिसं आलेली नाहीत, आणि ते संध्याकाळी उजेड कमी झाला की टप्प्याच्या कडेला येऊन चिवचिवायला लागतं. बाप खाली समुद्रात जाऊन खालून हाका मारतो. पिल्लू डोकं वरखाली करतं, मागे जातं, परत पुढे येतं, शेजारचे पक्षी त्याला टोचतात, आणि मग एका क्षणी ते खरंच उडी मारतं, इवलेसे पंख पसरून सरळ खाली. काही दगडावर आपटतात आणि उसळून तरीही पाण्याकडे धावतात. वर घिरट्या घालणारे मोठे कुरव टपलेलेच असतात. पाण्यात बाप आणि पिल्लू एकमेकांना आवाजावरून ओळखतात आणि दोघं पोहत खोल समुद्राकडे निघून जातात, पुढचे कित्येक आठवडे बापच त्याला खाऊ घालतो, आई नाही. माझ्या फोटोवरच्या एका टिंबाची उडी मी प्रत्यक्ष बघितली तेव्हा इतके दिवस त्या नंबरपुढे लिहिलेल्या सगळ्या नोंदी डोळ्यासमोर आल्या, आणि मी मोठ्याने ओरडलेच, सोबतच्या मुलीने दचकून टेलिस्कोप धरला.

पफिन म्हणजे रंगीत चोचीचा छोटा गुबगुबीत समुद्रपक्षी, त्याची मोजणी वेगळी. ते बिळात राहतात म्हणून हंगामाच्या सुरुवातीला, मार्चअखेर-एप्रिलमधे, अंडी घालायच्या आधी, शांत संध्याकाळी ते सगळे किनाऱ्याजवळ पाण्यात थव्याने जमतात, तेव्हा बेटाच्या वेगवेगळ्या भागांवर माणसं एकाच वेळी उभी राहून पाण्यातले, जमिनीवरचे आणि हवेतले सगळे मोजतात. २०२४ ला ४१,६०५ आणि २०२५ ला ४३,६२६ पफिन मोजले गेले, हा तिथला तोपर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा. बातम्या झाल्या, लोकांनी फोटो शेअर केले, चांगलंच आहे. पण एका बेटावर पफिन वाढले म्हणून सगळीकडे आनंद आहे असं नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमधे २०१५ ते २०२१ या काळात सगळ्या समुद्रपक्ष्यांची मोठी गणना झाली, तिचे निकाल २०२३ ला आले, आणि त्यात किटीवेक नावाचा देखणा छोटा कुरव आधीच्या गणनेपेक्षा चाळीस टक्क्यांहून जास्त कमी भरला. एकेका बेटाचा आकडा बाकीच्या आकड्यांसोबत ठेवल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

आणि सगळ्यात अवघड मोजणी मँक्स शिअरवॉटरची. हा पक्षी दिवसा दिसतच नाही. दिवसभर समुद्रावर किंवा बिळात, अंधार पडल्यावर बेटावर येतो, तोही चांदणी रात्र नसेल तर जास्त, कारण पाय इतके मागे असतात की जमिनीवर धड चालता येत नाही आणि कुरवांच्या तावडीत सापडतो. रात्री बाहेर पडलं की चहूकडून तो घोगरा, रडका ओरडा, डोक्यावरून पंखांचे आवाज, पायाजवळ धपकन काहीतरी पडतं, तो शिअरवॉटर उतरलेला असतो. आता हे मोजायचे कसे? तर दिवसा बिळाच्या तोंडाशी त्यांचाच रेकॉर्ड केलेला आवाज लावतात आणि आतून कोणी उत्तर देतं का ते ऐकतात. पण प्रत्येक पक्षी प्रत्येक वेळी उत्तर देतोच असं नाही, नर नराच्या आवाजाला जास्त बोलतो, मादी बसलेली असेल तर गप्प. म्हणून काही बिळांवर खुणा करून त्याच बिळांवर रोज आवाज लावायचा, म्हणजे कळतं की एका दिवशी साधारण किती टक्के उत्तर देतात, आणि त्या हिशोबाने बाकीच्या बेटाचा आकडा वाढवायचा. असं करून २०१८ ला स्कोमरवर ३,४९,६६३ जोड्या निघाल्या. जोड्या! जगातली माहीत असलेली सर्वात मोठी वसाहत, आणि दिवसा तिथे फिरणाऱ्या टुरिस्टला त्यातला एकही जिवंत पक्षी बहुतेक दिसत नाही.

हे पक्षी हिवाळ्यात अर्जेंटिनाच्या समुद्रात जातात आणि वसंतात परत त्याच बिळात येतात. शेजारच्या स्कोकहोम बेटावर रोनाल्ड लॉकली नावाचे गृहस्थ राहायचे, १९३३ ला ब्रिटनमधलं पहिलं पक्षी निरीक्षण केंद्र त्यांनी तिथे सुरू केलं. १९५२ ला तिथला एक शिअरवॉटर एका माणसाने अमेरिकेत बोस्टनला नेऊन सोडला, आणि अटलांटिक ओलांडून तो साडेबारा दिवसांत बेटावर आपल्या बिळात हजर. सोडल्याचं कळवणारं पत्र नंतर आलं.

आता मुद्द्याचं. हे सगळं मोजून होतं काय?

स्कोमरच्या गिलेमॉटचंच बघा. १९३० च्या दशकातले कड्यांचे फोटो आहेत, ते बघून अभ्यासकांनी अंदाज काढला की तेव्हा तिथे लाखभर जोड्या असाव्यात. शेफिल्ड विद्यापीठाचे टिम बर्कहेड १९७२ ला तिथे काम करायला आले तेव्हा दोन हजारच्या आसपास उरलेल्या. मधे महायुद्ध झालं, जहाजं बुडाली, तेल सांडलं. तेव्हापासून दर वर्षी, न चुकता, त्याच कड्यांवर, पक्ष्यांच्या पायात कड्या घालून कोण परत आलं कोण नाही याची नोंद चालू आहे, आणि संख्या हळूहळू वर आली. २०१३ च्या सुमारास सरकारी निधी थांबला, रक्कम काही फार नव्हती, वर्षाला बारा हजार पौंड वगैरे. नेमक्या त्याच हिवाळ्यात, २०१४ च्या सुरुवातीला, अटलांटिकमधे वादळामागून वादळं आली आणि पश्चिम युरोपच्या किनाऱ्यांवर पन्नास हजारांहून जास्त समुद्रपक्षी मरून पडले. म्हणजे चाळीस वर्षांत ज्या वर्षी मोजणी सगळ्यात जास्त गरजेची होती त्याच वर्षी ती बंद पडायची वेळ आली. बर्कहेडनी लोकांकडून वर्गणी काढून काम चालू ठेवलं. मला हे वाचून राग आला होता आणि अजून येतो. चाळीस वर्षांच्या साखळीतली एक कडी गेली तर ती नंतर कितीही पैसे ओतून परत मिळत नाही, तो उन्हाळा होऊन गेलेला असतो.

बर्ड फ्लूच्या वेळेसही तेच. स्कोमरवरून समोर ग्रासहोम नावाचा खडक दिसतो, गॅनेट नावाच्या मोठ्या पांढऱ्या समुद्रपक्ष्यांनी पांढरा झालेला. २०२२ ला तिथे फ्लू पोचला आणि २०२३ च्या मोजणीत घरट्यांच्या जागा १६,४८२, आधीच्या निम्म्याहून कमी. स्कॉटलंडमधल्या बास रॉकवर २०१४ ला ७५,२५९ होत्या त्या २०२३ ला ५१,८४४. आधीचा आकडा होता म्हणूनच नुकसान किती झालं हे सांगता आलं, नाहीतर 'बरेच मेले' एवढंच लिहिलं असतं. आणि उलट बाजूही आहे, इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या लंडी बेटावर २००२ ते २००४ मधे उंदीर हटवले, तेव्हा शिअरवॉटरच्या जेमतेम तीनशे जोड्या होत्या, त्या पंधरा वर्षांत साडेपाच हजार झाल्या. उंदीर काढायला पैसा मागायचा असेल तर आज कोणीही हा आकडा पुढे ठेवतं. सँडईल म्हणून बारीक मासा आहे, पफिन आणि किटीवेकचं मुख्य खाणं, २०२४ ला नॉर्थ सीच्या इंग्लंडकडच्या पाण्यात आणि सगळ्या स्कॉटिश पाण्यात त्याची मासेमारी बंद केली, त्यामागेही वसाहतींवरच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या.

हे सगळं करताना माझ्या डोक्यात सतत वेंगुर्ला रॉक्स. माझं घर तिकडचं म्हणून असेल. नवाबागेच्या किनाऱ्यावरून आकाश स्वच्छ असलं की समुद्रात ते खडक दिसतात, रात्री दीपगृहाचा दिवा. लहानपणापासून बघितलेले, पण तिथे पक्ष्यांची वसाहत आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, शाळेत कोणी सांगितलं नाही. भारताच्या मुख्य भूमीजवळ सुरय पक्ष्यांच्या म्हणजे टर्नच्या समुद्रातल्या वसाहती फारच थोड्या, त्यातली ही एक. ब्रिटिश काळातले पक्षी अभ्यासक ए. ओ. ह्यूम १८७५ ला तिथे जाऊन आले. पक्षी अभ्यासक हुमायून अब्दुलालींनी जाऊन केलेल्या नोंदी बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या) जर्नलमधे १९४० आणि १९४२ ला छापून आल्या. तिथल्या गुहांमधे पाकोळ्यांची घरटी आहेत, ती लाळेची घरटी चोरून विकायचा धंदा चालायचा, तो २००१ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांनी उघडकीला आणला आणि नंतर संरक्षणही केलं, त्यांचं मला फार कौतुक आहे.

पण सुरयांचं काय? एकेका भेटीच्या नोंदी आहेत. ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने, आपापल्या महिन्यात केलेल्या. कोणी फेब्रुवारीत गेलं, तेव्हा हंगामच नसतो. या नोंदी एकमेकांपुढे ठेवून संख्या वाढली की कमी झाली हे सांगता येत नाही.

कारण उघड आहे. तिथले सुरय घरटी करतात ती पावसाच्या तोंडावर आणि पावसात, आणि आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, होडी कोण घालणार. स्कोमरला जूनमधे उन्हात बसून मोजता येतं तसं इथे नाही. तरीपण काही करता येईल असं मला खरंच वाटतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात होड्या चालू असतात. दर वर्षी त्याच आठवड्यात एक फेरी, खडकांभोवती ठराविक जागांवर होडी थांबवायची, जीपीएसने जागा पक्क्या करायच्या, आणि प्रत्येक जागेवरून तोच कोन धरून फोटो. मोठे तुरेवाले सुरय उघड्यावर दाटीने बसतात, ते फोटोवर मोजता येतात. ब्रायडल्ड टर्न, हेही सुरयच, मात्र दगडांच्या खाली, फटीत अंडं घालतात, ते होडीतून दिसणारच नाहीत, त्यांच्यासाठी एखादा छोटा ठरलेला पट्टा निवडून जाणकार माणसाने थोडा वेळ उतरून बघायला लागेल, वनखात्याची आणि दीपगृहवाल्यांची परवानगी घेऊन. आणि उतरायचं तर सकाळी लवकर, पटकन. सुरय उठले की अंडी उन्हात पडतात, मेच्या तापलेल्या दगडावर अंडं खराब व्हायला किती वेळ लागतो ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. ड्रोन लगेच आणू नका प्लीज, आधी पक्षी त्याला बिचकतात का ते बघावं लागतं.

एका वर्षाच्या आकड्याने काही कळणार नाही, पाचव्या वर्षी थोडं कळेल. त्यामुळे ज्यांना रील करून झाल्यावर विसरायचंय त्यांच्यासाठी हे काम नाही. वेंगुर्ल्यातल्याच दोन-तीन मुलामुलींनी आणि एका होडीवाल्याने धरलं तर होईल, बाहेरून कोणी दर वर्षी येणार नाही. मी पुढच्या मेमधे सुट्टी काढून येतेय, आईला सांगून झालंय, ती म्हणाली, "अगं ये की, पण एकटी होडीत बसू नकोस, काकांना घेऊन जा." काकांना बोटीची माहिती आहे, तेही तयार आहेत.

तोपर्यंत एक काम तुम्हीही करू शकता. स्कोमरचा जुना आकडा फोटोंमधून निघाला हे वर लिहिलंच आहे. वेंगुर्ला, मालवण, शिरोडा, रेडी या बाजूला कोणाच्या घरी रॉक्सचे जुने फोटो असतील, दीपगृहाच्या कामाला गेलेल्यांचे, मासेमारीला गेलेल्यांचे, फिल्मच्या कॅमेऱ्यावरचे पिवळे पडलेले, मागे लांबून पांढरे ठिपके दिसत असले तरी चालतील, तर स्कॅन करून खाली कमेंटमधे टाका किंवा मला मेल करा. फोटोमागे महिना आणि साल लिहिलेलं असेल तर त्या बाजूचाही फोटो काढा. आजोबांना आठवत असेल की अंडी कुठल्या बाजूला असायची आणि कुठल्या महिन्यात, तर तेही त्यांच्याच शब्दात लिहून पाठवा.